समुद्रतळावरची नळी

मला एका जागी बसवत नाही. घरच्यांना हे ठाऊक आहे, आधीच्या कंपनीला ठाऊक होतं, आता ऑफिसच्या खुर्चीलाही ठाऊक झालंय. कित्येक वर्षं मी औषध कंपनीचा एमआर म्हणून मोटरसायकलवर हिंडलो. सकाळी फुलंब्री, दुपारी करमाड, संध्याकाळी शहरातले दवाखाने. मग कंपनीने आमचा भाग दुसऱ्या भागात मिसळून टाकला आणि माझं हिंडणं संपलं. सध्या मी उस्मानपुऱ्यात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसून समुद्राचा तळ बघत असतो.

हे काम लोकांना समजावताना माझी दमछाक होते. परदेशातले संशोधक खोल समुद्रात कॅमेरा सोडतात. तिथे ऊन पोचत नाही, म्हणून दिवे लावून तळाचं चित्रण करतात. ते आमच्याकडे येतं. आम्ही एकेक चित्र थांबवायचं, त्यात जे दिसेल त्याभोवती चौकट आखायची आणि चौकटीला नाव द्यायचं. प्राणी, वनस्पती, दगड, माणसाने टाकलेला कचरा. त्यावरून पुढे म्हणे यंत्र आपलं आपण ओळखायला शिकतं. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही. मी पाहिलाय, लग्नानंतर एकदा, तोही घोट्याएवढ्या पाण्यातून.

बहुतेक वेळ नुसता चिखल असतो. कॅमेरा इतका सावकाश सरकतो की उठून त्याला मागून ढकलावंसं वाटतं. माझे पाय टेबलाखाली हलत राहतात. शेजारची मुलगी दिवसातून एकदा तरी म्हणते, "सर, टेबल हलतंय." मग मी पाणी प्यायला उठतो, खिडकीतून रस्ता बघतो, पुन्हा चिखलात येऊन बसतो.

त्या दिवसांत घरीही जिवाला स्वस्थता नव्हती. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, करमाडला परत जायचं काढलं होतं. परत म्हणजे कुठे? आमची जमीन कारखान्यांसाठी गेली, तिथे आता गोदाम उभं आहे. पलीकडे चुलत्यांचा थोडा तुकडा शिल्लक आहे आणि त्यात एक पत्र्याचं शेड. दादांना त्या शेडमध्ये एकट्याने राहायचं होतं. वय सत्तरीच्या पुढे, रोज इन्सुलिनची सुई, आई जाऊन दोन वर्षं झालेली. मागच्या उन्हाळ्यात असेच हट्टाने चार दिवस राहायला गेले आणि साखर उतरून बांधावर पडले. कुणी गुराखी तिकडून गेला म्हणून वाचले. मी स्वतः औषधं विकलेला माणूस. पुढच्या वेळी गुराखी आला नाही तर काय होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"इथं मला करमत नाय," दादा म्हणायचे.

"आणि तिथं काय करमणार? गोदाम बघत बसणार?"

"तिथं कुणी येतंय, जातंय. बोलतंय."

"मग इथं आम्ही काय भिंती आहोत का?"

यावर ते टीव्हीकडे बघायचे. टीव्ही बंद असला तरी टीव्हीकडेच. येत्या रविवारी चुलते टेम्पो घेऊन येणार, असं दादांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. माझा पारा चढायचा. मी आवाज चढवायचो, बायको स्वयंपाकघरातून खूण करायची, मग मी चावी घेऊन बाहेर पडायचो आणि उगाच एक चक्कर मारून यायचो.

त्याच आठवड्यात ऑफिसात नवीन चित्रण आलं. समुद्राखालची एक खोल दरी होती आणि तिच्या तळाशी आडव्यातिडव्या पडलेल्या लांब, काळपट नळ्या. पहिली नळी दिसली तसा हॉलमध्ये एकच गलका झाला, "अरे, ठिबक!" आमच्यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शेतातून आलेला. ठिबक सिंचनाची जुनी नळी तुटून बांधाला पडली की जशी दिसते, तशीच ती दिसत होती. आमचा टीम लीडर फुलंब्रीकडचा, घरी आल्याची, म्हणजे अद्रकाची शेती. त्याने निकाल देऊन टाकला, "माणसाने टाकलेला कचरा. चौकटी मारा."

मला ते पटेना. नळीवर लिंबाएवढे काटेरी गोळे चिकटलेले होते. बारीक, लांब पायांचे तारामासे होते, झिंगे होते. आजूबाजूला लांबवर नुसता चिखल आणि इथे ही गर्दी. मी म्हणालो, "प्लास्टिक खायला कोण एवढं लोटतंय?"

"सर, आमच्या आल्यातल्या नळ्या खारी रोज कुरतडतात," तो म्हणाला. "त्यांना कोण सांगायला जातंय, हे प्लास्टिक हाय म्हणून?"

सगळे हसले. मीही हसलो. खारीपुढे माझं काय चालणार?

दुसऱ्या दिवशी ऑफिसची वीज गेली म्हणून लॅपटॉप घेऊन घरी आलो. दादा मागे येऊन उभे राहिले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी आपण होऊन काही विचारलं होतं.

"काय रे हे?"

"समुद्राचा तळ. ती नळी बघा, कसली वाटते?"

त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला. "लॅटरल हाय. ठिबकची. माझा जन्म गेला त्या अंथरण्यात." मग जरा थांबून म्हणाले, "पाण्यात बसून पाणी द्यायला निघालेत. लई शहाणे दिसतेत."

बायको आतून खळखळून हसली. मला वाटलं, हीच वेळ आहे, विषय काढावा. "दादा, रविवारचं तेवढं रद्द करा," म्हणालो. झालं. त्यांचा चेहरा मिटला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. मला माझ्याच जिभेचा राग आला.

शनिवारी सकाळी सगळं काम परत आलं, चुकलं म्हणून. दुपारी परदेशातल्या एका संशोधक बाईंनी व्हिडिओ कॉल लावला. बाई रागावल्या नव्हत्या, उलट त्यांना आमच्या ठिबकची मजाच वाटली. त्या हळूहळू, सोप्या इंग्रजीत सांगत होत्या आणि आमचा टीम लीडर कपाळाचा घाम पुसत होता.

ती नळी नव्हती. तो केल्पचा देठ होता. केल्प म्हणजे थंड समुद्रात, किनाऱ्याजवळ उगवणारं मोठं शेवाळ. पाण्याखाली त्याची जंगलं असतात. वादळात ते उपटलं जातं, तुटतं, प्रवाहाबरोबर वाहत जातं आणि शेवटी खोल दरीत उतरतं. खाली अंधार, तिथे काही उगवत नाही. तिथले जीव वरून जे येईल त्यावर जगतात. केल्पचा एक तुकडा आला तरी दुरून दुरून प्राणी त्याच्याकडे सरकत येतात. ते काटेरी गोळे म्हणजेही प्राणीच, ते त्याला कुरतडतात. त्यांच्याकडून सुटलेला चुरा झिंगे खातात, त्यांच्या मागावर मासे येतात. आणि उपटलेला तुकडा लगेच मरतही नाही. अंधारातही कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो, असं त्या म्हणाल्या.

कॉल संपल्यावर मी तीच चित्रं पुन्हा काढली. एका नळीचं टोक मोठं करून बघितलं. टोकाला मुळांसारखा पंजा होता आणि पंजात एक दगड. ज्या दगडावर ते उगवलं, तोच घट्ट धरून एवढ्या खोल आलेलं. हे आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं आणि एकालाही दिसलं नव्हतं. माझ्याच्याने बसवेना. टीम लीडरला विचारून लॅपटॉप उचलला आणि जिने उतरलो.

घरी दादा पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. "दादा, तुमची लॅटरल नापास झाली!" असं म्हणून सगळं सांगत सुटलो. जंगल, वादळ, दरी, अंधार. खोलीत इकडून तिकडे फिरत, हातवारे करत. पंजा दाखवला, दगड दाखवला.

त्यांनी वाकून पडद्यावरच्या दगडावर बोट टेकवलं.

"अजून जित्तं हाय का हे?"

"असेल. लगेच मरत नाही म्हणे."

"आन् हे सगळे त्याला खातेत?"

"व्हय. त्याच्यावरच जगतात. नाहीतर तिथं दुसरं काहीच नाही."

दादांनी मान हलवली. मला वाटलं, आता जमिनीचं काढतील. गोदामाचं, मोबदल्याचं, या घराचं. हा फ्लॅट, पोरांच्या शाळा, माझं काम सुटल्यावरचा कित्येक महिन्यांचा घरखर्च, सगळं त्यांच्या जमिनीतूनच आलेलं होतं. मी उत्तरं तयार ठेवली. पण त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

"खाऊ द्या," ते म्हणाले. "खाण्याचं काय नाय. माझं बी समद्यांनी खाल्लं, मला बरंच वाटलं. पण हे बघ की, त्याच्याजवळ येऊन तरी बसलेत."

मी फिरायचा थांबलो. घरात आल्यापासून मी एकदाही त्यांच्याजवळ टेकलो नव्हतो. आज नाही, काल नाही, आई गेल्यापासून बहुधा कधीच नाही. घड्या बाजूला सारून पलंगावर बसलो. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. आता काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मला टेम्पोशिवाय काही सुचेना.

"मग काकांना फोन करू का? उद्या येऊ नका म्हणून?"

दादांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "तू उद्या घरी हाईस का?" त्यांनी विचारलं.

उद्या रविवार होता. मला कुठेही जायचं नव्हतं. तरी पलंगाखाली माझे पाय हलायला लागले होते आणि चटकन हो म्हणता येईना.