रिकामे कॅमेरे

नारीन गावच्या सांस्कृतिक भवनाच्या तळघरात आमचा फोटो क्लब दर शनिवारी भरायचा, आणि तिथे बुरुल-एजेला सगळेच टरकून असायचे. एजे म्हणजे थोरली बहीण. तिनं शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं रसायनं कालवली होती. नवरा लवकर गेला, एकुलत्या एर्मेकला तिनं एकटीनं वाढवलं. उजेडात कुणी कॅमेऱ्याचं मागचं झाकण नुसतं चाचपलं तरी ती खेकसायची, "हात तोडीन. आत फिल्म असली म्हणजे? जळून जाईल ना सगळी."

सोव्हिएत राज्य गेलं आणि फिल्म मिळेनाशी झाली. तरी क्लब बंद पडला नाही, कारण एजेनं फर्मान काढलं की रिकाम्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचे. आम्ही उजेड जोखायचो, भिंग फिरवायचो, खटका दाबायचो, आणि मग चहासोबत कणकेचे तळलेले बोरसोक खाताना आपण काय टिपलं ते तोंडी सांगायचो. ती त्यातही चुका काढायची. गाव आम्हाला वेड्यात काढायचं आणि गावाचं फारसं चुकत नव्हतं.

एर्मेक रशियात लाकडाच्या गिरणीवर कामाला निघाला, तेव्हा त्याला निरोप द्यायला एजे आणि आम्ही सहाजण नदीकाठी जमलो. गावातली शेवटची खरी फिल्म एजेच्या कॅमेऱ्यात होती. पोरगा टोपी उडवून हसला आणि सातही कॅमेऱ्यांचे खटके वाजले. फिल्म धुवायला रसायन नव्हतं, म्हणून ती काळ्या कागदात गुंडाळून कपाटात पडून राहिली.

पाच महिन्यांनी एर्मेक जस्ताच्या शवपेटीत परत आला. पेटी झाळून बंद केलेली. उघडू नका, असं सोबतच्या माणसानं बजावलं, आणि आम्ही मूर्खांनी ऐकलं. मुलाचं तोंड न बघताच आईनं त्याला निरोप दिला. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "त्या फिल्मवर तो आहे. मला एकदा बघू दे."

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि त्याच आठवड्यात कुणीतरी बिश्केकहून रसायनांच्या पुड्या आणल्या. मला मदतीची हौस. शनिवारी लवकर जाऊन मी चित्र उमटवणारा डेव्हलपर आणि ते पक्कं करणारा फिक्सर कालवले, दोन सारख्या तपकिरी बाटल्यांत भरले आणि फिक्सरच्या बाटलीला एजेच्या खुणेचा लाल दोरा बांधायला घेतला. बांधला तो डेव्हलपरच्या बाटलीला. एरवी ती वास घेऊन खात्री करायची, पण चाळीस दिवस रडून तिचं नाक बंद होतं. फिक्सर आधी गेला की फिल्मवरचं सगळं धुऊन निघतं, मग पुढे काहीही ओता.

तिनं अंधारात फिल्म धुतली, मग दिवा लावून पट्टी त्याच्यासमोर धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी. तिनं ती उलटी करून पुन्हा पाहिली.

"एजे, दोरा मी बांधला," मी म्हणालो.

"गाठ बघितली मी आत्ता. माझी गाठ अशी नसते."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला सोसल्या असत्या. ती बाकीच्यांकडे वळली.

"तुम्ही सगळे होतात ना तिथं? तुम्हीही खटके दाबलेत ना?"

"रिकामे होते ते," म्हातारा जुमाश पुटपुटला. "तूच सांगितलं होतंस, बाई."

"एखाद्यानं कॅमेऱ्यात चोरून घातली असेल फिल्म. मी नाही रागावणार. खरंच नाही."

जुमाशनं मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा तिनं जुमाशच्या गळ्यातला कॅमेरा ओढला आणि भर दिव्याखाली त्याचं झाकण उघडलं. आत बोट फिरवून बघितलं. मग दुसरा, मग तिसरा. एखाद्यात फिल्म असती तर त्या उजेडात तिथंच जळाली असती. हे आम्हाला तिनंच शिकवलं होतं. पण तिला अडवायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटचा कॅमेरा माझा होता. मी तो स्वतःच पुढे केला. तिनं उघडला, आत बोट फिरवलं, आणि झाकण तसंच उघडं ठेवून माझ्याकडे हात पसरला.

"आणि अजून एक कॅमेरा दे," ती म्हणाली.