दत्तूमामांची पाटी

दत्तूमामा संगणकावरच्या खेळात नवं विमान भरायचे ते आधी पाटी टांगून. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर लाल स्केचपेननं ‘काम चालू हाय. हात लावू नये. दत्तू’, आणि मॉनिटरला अडकवायला तांब्याची तार. दौंडला माझा कॉम्प्युटर क्लास होता तेव्हाची, दोन हजार दोनच्या आसपासची ही गोष्ट. मामा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत फिटर. त्यांच्या वडिलांनी वरवंडच्या माळावर मेंढरं राखलेली, आणि हे सुट्टीच्या दुपारी माझ्याकडं येऊन विमान उडवायचा खेळ खेळायचे. सीडीवरून नवनवी विमानं आणून त्यात बसवायचे.

पाटी टांगायची नि विमान बसवायची रीत कंपनीतलीच. आधी जुन्या फायलींची कॉपी बाजूला, मग कुठली नवी फाईल कुठं गेली ते वहीत. "जे घातलं तेवढंच काढायचं, सर. उंची दावणारं येकच घड्याळ चार इमानं वापरत्यात. येकाचं म्हणून उपटलं की चारी आंधळी." मी हसायचो. अहो, खेळच तो!

एकदा विमान अर्धं बसवून मामा चहाला गेले. माझी बॅच दारात उभी. मी पाटी ओढून खणात टाकली आणि ते अर्धवट विमान, दिसेल ती फाईल धरून, पुसून टाकलं. मामा परत येऊन बघतात तर सगळ्याच विमानांची काट्यांची घड्याळं गायब, नुसती काळी भोकं.

"पाटी न्हवती व्हय, सर?"

"छे! कुठं होती?" मी बेधडक बोललो.

तार मॉनिटरला तशीच लोंबत होती. मामांनी तिच्याकडं पाहिलं, "बरं" म्हणाले आणि कॉपीवरून सगळं पुन्हा बसवत बसले.

वर्षभरानं कंपनीत मामा पंप उघडून काम करत होते आणि कुणीतरी मागचा व्हॉल्व्ह सोडला. अ‍ॅसिड तोंडावर आलं, उजवा डोळा गेला. चौकशीत साहेबांनी लिहिलं काय, तर ‘पाटी लावली नव्हती’. चूक फिटरची, नोकरी खलास! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खेळातल्या विमानाला पाटीशिवाय हात न लावणारा माणूस अ‍ॅसिडच्या लाइनला तसाच भिडेल? लाज कशी वाटत नाही यांना!

डोळ्यावर पट्टी बांधलेले मामा क्लासवर आले तेव्हा मी ओरडलोच, "मामा, धादांत खोटं बोलतायत! मी येतो साक्षीला."

"तुम्ही नगा येऊ."

"का पण?"

"तुमच्याकडं तरी कुठं व्हती पाटी?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी खणातली पाटी घेऊन मी कंपनीत गेलो. साहेबांना आधी माझं खोटं सांगितलं, मग म्हणालो, "पाटी अशी नाहीशी होते. आता तुमच्याकडची कुणी काढली ते सांगा."

साहेबांनी पाटी हातातसुद्धा घेतली नाही. हसून म्हणाले, "अहो सर, खेळातल्या गोष्टी इथं कशाला आणता?"

मामांची नोकरी गेली ती गेलीच. ते हसणं आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. तसंच मीही हसायचो.