तांबडीचं दावं

तळ्याचा बांध फुटला तेव्हा दसरा नुकताच झाला होता. खालच्या अंगाच्या झोपड्यांतली माणसं शाळेत हलवली, पण शाळेनं जनावरं घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, पुढे झाला. चामराजपेटेत आमचं शिंपीकामाचं दुकान होतं. त्यानं गल्लीतले लोक जमवले, समाजाचं कार्यालय उघडायला लावलं आणि जिथं लग्नाच्या पंगती बसायच्या तिथं शेळ्या बांधल्या. आम्ही मुली घरोघरून भाजीची देठं आणि तांदळाचं धुवण गोळा करायचो, जटकावाल्यांकडून, म्हणजे घोडागाडीवाल्यांकडून, गवत मागून आणायचो. अण्णाचं कौतुक मी इतकं सांगायचे की मैत्रिणी कंटाळल्या.

गाई कार्यालयाच्या पायऱ्या चढेनात, म्हणून त्या गल्लीतल्या लोकांच्या परसात गेल्या. आमच्याकडे तांबडी आली. तिची मालकीण आम्हालाच दूध घालायची. एकटी बाई, पोटाला दुसरं काही नाही, आणि गाय गाभण. बाईनं दावं माझ्या हातात दिलं, कन्नडात म्हणाली की मी तुझ्या भरवशावर हिला सोडून चालले आहे. मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं.

पाणी ओसरत आलं तेव्हा एका सकाळी बघते तर परसातला खुंटा मोकळा. विजेला बिचकून तिनं दावं तोडलं, असं अण्णा म्हणाला. मी रडतच बाहेर पडले. अण्णाही बरोबर आला. मार्केटपर्यंतच्या प्रत्येक बोळात शिरून तो तांबडीला हाका मारत होता. अनवाणी चालून माझे पाय सोलवटले, तेव्हा त्यानंच मला धरून घरी आणलं.

पुढच्या शुक्रवारी देव घासायला काढले, तर देव्हाऱ्याखाली दावं. नीट गुंडाळलेलं, वर हळदकुंकू. कुठं तुटलेलं नव्हतं. मी आईला विचारलं, हे इथं कसं?

"विकलेल्या गाईचं दावं देत नसतात गं. त्याच्याबरोबर लक्ष्मी जाते."

आई भोळी. बोलून गेली आणि मग तिनं पदर तोंडाला लावला.

आनेकलकडचा एक व्यापारी पहाटेच येऊन गाय घेऊन गेला होता. तिथून पुढं ती कुठं गेली, अण्णालाही ठाऊक नव्हतं. दुकानाला नवं मशीन हवं होतं. झोपड्यांतल्या लोकांना आता शहराबाहेर बसवणार, बाई कशाला परत येते, असा त्याचा होरा. आईला सगळं माहीत होतं. म्हणजे घरात गाय शोधणारी मी एकटीच. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. विकलीस ते विकलीस, पण माझ्याबरोबर हाका कशाला मारल्यास, असं मी त्याला तोंडावर विचारलं. तो नव्या मशीनला तेल घालत राहिला. त्या हाका आठवल्या की आजही माझं डोकं फिरतं.

समाजानं त्याला शालनारळ दिला. मी त्या कार्यक्रमाला गेले नाही.

आणि बाई आली. काखेत गवताची पेंढी होती. अण्णानं ओट्यावरूनच सांगितलं, दावं तोडून पळाली, आम्ही खूप शोधली. मी आत गेले आणि देव्हाऱ्याखालचं दावं आणून तिच्या हातावर ठेवलं. ती ते बोटांनी चाचपत शेवटापर्यंत गेली. अण्णाकडे तिनं पाहिलंच नाही.

"तुझ्या हातात दिली होती मी, अम्मा," ती मला म्हणाली.

पेंढी तिथंच ठेवून, दावं खांद्यावर टाकून ती वळली. तेवढ्यात आई लगबगीनं बाहेर आली आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "स्वल्प थांबव तिला. दावं चाललं की. घरची लक्ष्मी जाईल."

मी फाटक सताड उघडलं आणि बाई रस्त्याला लागेपर्यंत धरून उभी राहिले.