मी गावाला आवाज दिला

बसा, सांगते. पण आधीच कबूल करते, या प्रकरणात दुसऱ्या कुणाचा काडीचा दोष नाही. इतकी निर्भेळ फजिती स्वतःच्या हाताने करून घ्यायला शिक्षण लागतं. आणि माझं तर बंगळुरूत झालंय!

शिकून मी अहमदपूरजवळच्या आमच्या गावी परत आले. कशाला? गाव बदलायला! अकरा महिने बदललं. मग वाटलं, ग्रामविकासात एम.ए. करावं, म्हणजे आणखी जोरात बदलता येईल. परराज्यातल्या एका नामांकित संस्थेचा अर्ज भरला. जागा मोजक्या, आणि दुसरीकडे कुठे अर्जच केला नव्हता. इथे नाही म्हणाले की वर्ष गेलं.

अर्जासोबत निवेदन हवं होतं: तुम्ही या अभ्यासक्रमाला योग्य कशा, ते सांगा. शिवाय गावातल्या एका व्यक्तीचा नंबर. संस्था तिला फोन करून खात्री करणार. मी सुशीलाकाकूंचा दिला. काकू बायकांचा बचत गट चालवतात, गटाची डाळमिल चालवतात, आणि खरं सांगायचं तर गावही त्याच चालवतात.

आता असलं निवेदन कसं लिहितात, ठाऊक आहे ना? आधी गाव जमेल तितकं काळं रंगवायचं. मग त्या काळोखात आपण कंदील घेऊन शिरायचं. मी इंग्रजीत लिहिलं, ‘मी आले तेव्हा इथल्या स्त्रिया मूक होत्या.’ आणि शेवट केला, ‘मी त्यांना आवाज दिला.’ लिहिताना माझेच डोळे भरून आले हो!

अर्ज ऑनलाइन गेला. एक प्रत जवळ असावी म्हणून छापायला मामाकडे गेले. मामाचं अहमदपुरात झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे. इंग्रजी कागद पाहून त्याची छाती फुगली.

“कुठं निघालीस गं?”

“कुठं नाही मामा, नुसता अर्ज केलाय.”

“केलास न्हवं? मग झालंच की!”

आमच्याकडे निकालाची वाट पाहत सत्कार थांबत नाही. रविवारी सकाळी मारुतीच्या देवळासमोर माझा आठ फुटी फ्लेक्स! हात जोडलेली मी, खाली ‘गावाची शान’. शाल, नारळ, माईक, झाडून सगळं गाव. मी लाजले. खोटं कशाला बोलू, लाजत लाजत पुढे जाऊन बसले.

तेवढ्यात मामाने खिशातून कागद काढला. पठ्ठ्याने निवेदनाची एक जादा प्रत काढून ठेवली होती! आणि शिकवणीवाल्या सरांकडून तिचं मराठीही करून घेतलं होतं.

“भाचीचे विचार गावाला कळू द्या की!”

मी ताडकन उठले. “मामा, नको…” पण सर माईकवर पोचले होते. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. एक शब्द वाया गेला नाही.

“‘इथल्या स्त्रिया मूक होत्या…’”

बायकांच्या बाजूने पहिला आवाज आला, “कोण मुकं होतं म्हणं?”

“तू गं, शेवंता!”

“मी? आगं, माझ्या तोंडापायी नवरा मळ्यात राहायलाय!”

हशा उसळला. सरांना वाटलं, दाद मिळतेय. ते आणखी रंगात आले.

“‘मी रोज चार किलोमीटर चालत बांधावर गेले…’”

“चालत?” आता सुशीलाकाकू उठल्या. “माझ्या स्कुटीवर मागं बसून कोण येत होतं मग? आन् चिखल दिसला की खाली उतरत नव्हतं ते कोण?”

“‘मी त्यांना माती परीक्षणाचं महत्त्व पटवून दिलं…’”

“पोरी, मातीच्या पिशव्या आम्ही भरल्या. तू फोटू काढलीस!”

मी मामाकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता. सरांनी शेवटची ओळ टाकली, “‘मी त्यांना आवाज दिला!’” आणि गावाने तो आवाज असा काही लावला, की देवळावरची कबुतरं उडाली.

शाल मिळाली. अंगावर घ्यायची की तोंडावर, एवढाच प्रश्न होता.

त्यात संस्थेचा फोन दुसऱ्याच दिवशी अकराला यायचा होता! साडेदहाला मी डाळमिलवर हजर. “काकू, चुकलं. माफ करा. पण माझं वर्ष जाईल हो.”

काकू तूर पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी खोटं बोलणार न्हाई.”

“नका बोलू.”

“वाईट बी बोलणार न्हाई.”

“मग काय बोलणार?”

“ते फोन आल्यावर बघू की! तू तवर सूप धर.”

अकराला फोन वाजला. काकूंनी तो स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या मॅडम शुद्ध हिंदीत, काकू आमच्या निजामी हिंदीत.

“सुशीलाजी, लड़की ने गाँव में क्या किया?”

“बहुत किया. चाय पिया, फोटू निकाला, सवाल पूछा.”

मी सूप घट्ट धरून उभी.

“उसमें कुछ बदलाव आया?”

“हाव. पैले बताती थी. अब कभी कभी पूछती बी है.”

पलीकडे कागदांची सळसळ. मग नेमका तो प्रश्न आला.

“आपको लगता है, वो हमारे कोर्स के लायक है?”

काकूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सुस्कारा सोडला.

“मॅडम, हमने ग्यारा महिने सिखाके देखे. अब तुम सिखाके देखो.”

फोन बंद. तीन आठवडे मला घास गोड लागला नाही. मग मेल आली. प्रवेश मिळाला हो, खरंच मिळाला! मी उड्या मारत ती मेल आईला मोठ्याने वाचून दाखवली, आणि शेवटच्या ओळीशी आवाज एकदम खाली आला. तिथं लिहिलं होतं: निवड करताना उमेदवाराचं निवेदन विचारात घेतलेलं नाही.