सही करणाऱ्याची खुर्ची

साळवे सर गेल्याचा फोन आला तेव्हा आई दुकानात सरकी पेंडेचं पोतं ओढत होती. तिनं गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं आणि सकाळी अकरा वाजता शटर खाली घेतलं. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा तिचं दुकान दुपारपर्यंत उघडं होतं. त्यामुळं फाट्यावरच्या लोकांना वाटलं, आमच्याच घरात काही झालं. तसं ते झालंच होतं. मग तिनं मला फोन लावला. "तुझं सर गेलं गं," म्हणाली, "माझं बी."

सर श्रीरामपुरात कर सल्लागार होते. लोक त्यांना वकील म्हणत. ते नव्हते, पण दुरुस्त करत बसायचा त्यांना कंटाळा होता. एका किराणा दुकानाच्या माडीवर त्यांची खोली. सरांना बसायला प्लॅस्टिकची खुर्ची आणि टेबलासमोर एक सागवानी, रुंद हातांची, वर गादी घातलेली. बाहेर गॅलरीत बाक. सागवानी खुर्चीत ज्याची कागदावर सही होणार त्यानंच बसायचं, बाकीच्यांनी बाकावर. शिर्डीचे फुलवाले येत, दूधवाले येत, मस्कतहून सुट्टीवर आलेला एखादा ड्रायव्हर येई. नियम सगळ्यांना तोच. पंखा मात्र मे महिन्यातसुद्धा ते दोनच्या वर नेत नसत. कागद उडतात म्हणून.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बारावीत होते. आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, गावात पशुखाद्याचं दुकान चांगलं चाललं होतं, आणि फाट्यावर दुसरं टाकायचं होतं. कुणीतरी सांगितलं, दुसरं मंडळीच्या नावावर टाक, कर वाचतो. तालुक्यात सगळे तेच करत. दादा आईचे दोन फोटो खिशात घालून सरांकडं गेले आणि म्हणाले, सही घरून आणतो. सरांनी फोटो परत दिले. ज्यांचे फोटो आहेत त्यांनाच घेऊन या, म्हणाले.

म्हणून पुढच्या बाजारच्या दिवशी दादा, आई आणि आईला सोबत म्हणून मी, असे तिघं माडी चढलो. सरांनी आईला खुर्ची दाखवली, मला भिंतीशी स्टूल दिलं आणि दादांना बाक. "मी भाईर बसू?" दादांनी दोनदा विचारलं. आई खुर्चीच्या अगदी कडेला टेकली, एस.टी.त दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखी. सरांनी विचारलं, "ताई, दुकानाला भांडवल कुणाचं?" आईनं दाराकडं पाहिलं. "त्यान्लाच इचारा," म्हणाली.

तेव्हा सरांनी दार उघडंच ठेवून, बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात समजावलं. नवऱ्यानं पैसा घालून बायकोच्या नावावर धंदा काढला, तर त्याचं उत्पन्न कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतो. पाटीवर नाव कुणाचंही रंगवा. ताईंचा स्वतःचा पैसा असेल आणि धंदाही त्याच बघणार असतील, तर गोष्ट वेगळी.

"समदेच करत्यात की सर," दादा बाहेरून म्हणाले.

"करतात. पण मी फॉर्म भरतो, नाटकं बसवत नाही."

मग ते पुन्हा आईकडं वळले. तुमचं स्वतःचं असं काही आहे का, म्हणून विचारलं. मला वाटतं, तोपर्यंत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "माझ्या आईनं घातलेल्या पाटल्या हायेत. त्या मोडते. पन मग दुकानाची किल्ली माझ्याकडं राहील."

परतीच्या एस.टी.त दादा आम्हाला सोडून पुढच्या सीटवर जाऊन बसले. बायकोच्या पाटल्या मोडून दुकान टाकलं म्हटल्यावर गावात काय तोंड दाखवायचं, हे त्यांना लागलं होतं. आणि किल्लीचं त्याहून जास्त. वकिलानं घरात काडी लावली, असं ते आठ दिवस म्हणत होते. मग त्यांनी दुसरा सल्लागार गाठला. त्याला आईला बघायचीसुद्धा गरज नव्हती. कोरे फॉर्म घरी आले, पेन आलं. आईनं भाकरी थापता थापता सांगितलं, "सही करीन तर त्या खुर्चीत बसून. न्हाईतर तुमच्या नावावर टाका." दादा पंधरा दिवस अडून राहिले. सोळाव्या दिवशी दोघं मिळून सोनाराकडं गेले.

चौथी शिकलेली माझी आई फाट्यावरच्या दुकानात बसू लागली. पहिल्या वर्षी तिनं चुका केल्या, एकदा तर ओली पेंड उतरवून घेतली आणि सगळी बुरशी लागून फेकावी लागली. पण किल्ली कमरेलाच. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा दादांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं. आई म्हणाली, ही कॉलेजात जाईल, फी माझ्या दुकानातून भरते, तुमच्या नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बी.कॉम. झालेली पहिली. हे सांगताना मी लाजत नाही. ती पायरी कुठून सुरू झाली तेही मला पक्कं माहीत आहे.

पदवी घेऊन मी सरांकडंच कामाला लागले. संगणक त्यांनी मला शिकू दिला, स्वतः मात्र हात लावला नाही. सगळं ऑनलाइन झाल्यावर मी त्यांच्याशी भांडलेसुद्धा. सर, आता सहीच लागत नाही, ओटीपी येतो, बायांना कशाला माडी चढायला लावता, गिऱ्हाइकं तुटतात. खरंच तुटत होती. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि तो मोबाईल कुणाच्या खिशात असतो?" नियम तसाच राहिला.

सर ख्रिस्ती होते. ते गेल्यावर चर्चमध्ये झालेल्या प्रार्थनेला दादाही आले होते. मी त्यांना पुढं बोलावलं, तर शेवटच्या बाकावरून हलले नाहीत. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "त्यांनी मला बाकावरच बसवलेलं हाय." आणि टोपी काढून डोळे पुसले.

दोन आठवड्यांनी मी खोली उघडली. पहिलाच आला तो एक दूधवाला. बायकोचं पॅन कार्ड त्यानं टेबलावर ठेवलं आणि खिशातून मोबाईल काढला. तिच्या नावावर डेअरी टाकायची होती. मी म्हटलं, त्यांना घेऊन या. "मॅडम, सर तर गेले आता," तो समजुतीनं म्हणाला. माझ्या तोंडाशी आलं होतं, की बरं, सांगा ओटीपी... पण समोर ती रिकामी खुर्ची होती. मी पॅन कार्ड परत दिलं.

बाजारच्या दिवशी तो खरंच बायकोला घेऊन आला. तो बाकावर बसला, ती खुर्चीच्या कडेला टेकली. भांडवल कुणाचं, मी विचारलं. तिनं दाराकडं पाहिलं. घाबरली असेल, म्हणून मीच नवऱ्याला हाक मारायला उठले.

"थांबा बाई," ती म्हणाली, "त्यान्ला नका बोलवू. आधी मला समजू द्या."

आणि मागं सरकून खुर्चीला पाठ लावून बसली.