मासे वाहिलेली फटफटी

वेंगुर्ल्यात माझं दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा फटफटी म्हणजे विलायतीच. बहुतेक लष्कराच्या लिलावातून आलेल्या. घेणारा आधी मला दाखवायचा आणि मी सांगेन ती किंमत धरायचा. पहिल्या लाथेत चालू होणारी, मूळ रंगाची गाडी लहान होडीच्या भावाने जायची. वर्षानुवर्षं पडवीत उभी, इंजिन गंजून धरलेलं, पण सगळे भाग मूळचे असले तर अर्धी किंमत सहज यायची. सगळ्यात खाली मासे वाहिलेली. टोपलीतलं खारं पाणी चासीच्या मागच्या नळ्यांत उतरतं आणि लोखंड आतून खातं. अशी गाडी सुट्या भागांसाठीच घ्यावी, असं मी लोकांना बजावायचो.

तशीच एक मी स्वतः घेतली. सीटखालची नळी टोचून पाहिली तर स्क्रू ड्रायव्हर आत गेला. वेल्डिंगसाठी सावंतवाडीला न्यावी लागली असती. मी होडीच्या फटी बुजवतात तशी राळ तेलात शिजवली, नळीत भरली, वरून काळा रंग दिला. राळेवर होडी समुद्रात जाते, मग गाडी रस्त्यावर का चालणार नाही, असं मनाला सांगितलं. मनाला ते पटलं नव्हतं. पटलं असतं तर मी एकदा तरी कुणाला मागे बसवून फिरलो असतो.

ती घेतली आमच्या वाडीतल्या एकाने. शिवणयंत्रं दुरुस्त करत तो गावोगाव पायी फिरायचा. दारूबंदी असूनही गोव्याची दारू त्याला रोज मिळायची, आणि त्यापायी बायको पिंगुळीला माहेरी निघून गेली होती. मग त्याने देवळात गाऱ्हाणं घालून, देवाला शब्द देऊन दारू सोडली. वर्षभराने बायको परत आली. फिरतीचा धंदा वाढवायचा म्हणून त्याला गाडी हवी होती.

"बरी आसा मा रे?" त्याने विचारलं.

"एकदम बरी," मी म्हणालो, आणि किंमत चालू गाडीची घेतली.

कुडाळच्या वाटेवर उतारात सीटखालची नळी तुटली. त्याचा पाय मोडला. इथे स्पष्ट लिहितो: त्या दिवशी त्याने दारूला हात लावला नव्हता. पण बातमी वाडीत पोचेपर्यंत दुसरीच झाली होती.

"गाडीक काय झालेला नाय, ह्येकाच चढलेली!" दुकानासमोर एकजण म्हणाला.

"देवाक पण फसवल्यान मेल्यान," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो.

मोडकी गाडी मीच बैलगाडीत घालून आणली. कुणी पाहण्याआधी चासीचे तुकडे करून भंगारात दिले. इंजिन, चाकं, टाकी वेगळी विकली.

तो खाटेवरून निरोपावर निरोप धाडत राहिला. शेवटी मी गेलो. बायको चुलीपाशी पाठ करून बसली होती.

"बुडाखाली कट्ट करून मोडली रे," तो म्हणाला. "तुका गाडीतला कळता. सासरो येतलो हा, तेका सांग. मी पिऊक नाय."

मी "बघतो" म्हणालो.

सासरा दुसऱ्या दिवशी दुकानात आला. भला माणूस. बाकावर टेकला, पाणी मागितलं नाही.

"खरा सांग झिला, गाडी अशी आपसूक मोडता काय?"

मी हातातलं फडकं पिळत राहिलो. खरं सांगितलं असतं तर माझ्या शब्दावर पुन्हा कुणी गाडी घेतली नसती.

"गाडी बरी होती, काका," मी म्हणालो.

तो उठला तेव्हा मला म्हणाला, "तू तरी खरा सांगितलंस."

त्याच आठवड्यात तो मुलीला घेऊन गेला. ती परत आली नाही. पाय जुळला, पण हा लंगडतच राहिला. पुढे पावसाळा संपला आणि तो खरोखर प्यायला लागला. बाजारात ठेचकाळत जाताना दिसला की लोक म्हणायचे, "बघ, आमी सांगत नव्हतो?" माझ्याकडे वळून खरं ना म्हणून विचारायचे, आणि मी मान डोलवायचो.