बाहेरून लावलेलं कुलूप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कमलला, माझ्या बायकोला, सांगायची गरजच नव्हती. ती तेव्हा शेजारीच बसली होती. आता तीही नाही. म्हणून तुला सांगतोय — छे, म्हणूनही नाही. आता गिळवत नाही, एवढंच.

अंधेरीच्या चाळीत आमची एक खोली. साल छप्पन-सत्तावन असेल. पगार एक तारखेला व्हायचा आणि वीस तारखेपासून डबे खडखडायला लागायचे. मग वाणी उधारी मागायला दारात यायचा. त्यावर आम्ही एक युक्ती काढली होती. रविवारी शेजारच्या पार्वतीबाई आमच्या दाराला बाहेरून कुलूप घालायच्या, आम्ही आत गप्प. वाणी गेला की मी खोकायचो, त्या कुलूप काढायच्या. हसायचोसुद्धा आम्ही त्यावर! लाज नाही वाटली, विचारशील. पहिल्या महिन्यात वाटली होती.

त्या रविवारी दुपारी वाणी येऊन गेला. मी खोकणार, तेवढ्यात बाहेर शालूचा आवाज आला. शालू माझी धाकटी बहीण, चिपळूणकडे दिलेली. नवरा मारायचा तिला. मला माहीत होतं का? होतं. फटीतून पाहिलं, तर तिच्या हातात ट्रंक. चार घटका भेटायला येणारं माणूस ट्रंक घेऊन येतं का रे?

पगाराला चार दिवस होते आणि डब्यात दोन वेळचे तांदूळ. आणि ती चार दिवसांसाठी आलेली नव्हती — तेही कळलं मला, लगेच कळलं.

पार्वतीबाई तिच्याशी बोलत होत्या आणि मधूनमधून दाराकडे बघत होत्या. माझ्या खोकल्याची वाट बघत होत्या. कमल कानाशी लागून म्हणाली, "अहो, खोका ना." मी मान हलवली. तोंडावर हात दाबून धरला. खरोखरच खोकला येईल की काय, अशी भीती वाटत होती मला!

शालू उंबऱ्याशी बसून राहिली, किती वेळ कोण जाणे. मग ट्रंक उचलल्याचा आवाज आला.

"येते रे दादा," ती म्हणाली. बंद दाराला म्हणाली.

पार्वतीबाईंनी कुलूप काढलं, तेव्हा पाहिलं — माझ्या चपला बाहेरच राहिल्या होत्या. आता त्या भिंतीकडेला जोडीनं नीट लावलेल्या होत्या. मी तशा कधीच काढत नाही; लहानपणापासून त्या अशा लावून ठेवायची ती शालूच.

मागे धावलो का? स्टेशन दहा मिनिटांवर होतं. नाही धावलो. ती परत त्याच घरात गेली.

दिवाळीत भाऊबीजेला तिच्याकडे गेलो. तिचा उजवा हात मनगटात मोडून वाकडा बसला होता. विहिरीवर पडले, म्हणाली. त्या रविवारबद्दल एक अक्षर नाही. तिनं मला डाव्या हातानं ओवाळलं. मी ताटात पाचाची नोट घातली. पगार नुकताच झाला होता.